नवं इंजिन, जुनाच कागद: वाढीव वॉरंटीचा आठ महिन्यांचा अनुभव

आधी हिशोब सांगतो, म्हणजे घाईत असलेल्याचं काम होईल. गाडी डिझेल, जून २०२१ ची. कंपनीची मूळ वॉरंटी ३ वर्षांची, तिच्यावर मी २ वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली. म्हणजे जून २०२६ किंवा १,४०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. जीएसटी धरून २३ हजार गेले. जुलै २०२५ मध्ये ८८,२०० किलोमीटरवर इंजिन बसलं. नवं इंजिन वॉरंटीतच मिळालं. खिशातून गेले १४,६००. वॉरंटी नसती तर बिल सव्वातीन लाखांच्या पुढं होतं. 'घ्यावी की नको' एवढंच विचारायचं असेल तर घ्या, आणि इथंच थांबलात तरी चालेल. बाकीच्यांनी पुढं वाचा, कारण खरी भानगड जुनं इंजिन बसल्यावर नाही, नवं बसवल्यावर सुरू झाली.

गाडीचं आणि डीलरचं नाव लिहीत नाही. बेळगाव केवढंसं.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीहून बेळगावला परत येत होतो. रविवार, धो धो पाऊस, जांबोटी अजून पाचेक किलोमीटर. ऑइलचा लाल दिवा लागला आणि मागोमाग खालून ठोका ऐकू आला. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर पंचवीस वर्षं काढली आहेत. तो ठोका बेअरिंगचा, हे कळायला मेकॅनिक लागत नाही. तिथंच चावी बंद केली. नंतर सगळ्यांनी हेच सांगितलं, की अजून दोन किलोमीटर रेटली असती तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. फोनला रेंज नाही. एका पिकअपवाल्यानं टोचण लावून जांबोटीपर्यंत आणलं, तिथून हेल्पलाइनला फोन. पलीकडची बाई विचारते, जवळची खूण सांगा. मी म्हटलं, जंगल. क्रेन चार तासांनी आली.

वर्कशॉपमध्ये पहिला शब्द निघाला तो 'पाणी'. हे नीट समजून घ्या, खानापूर तालुक्यातल्यांनी तर जरूर. पाणी आत ओढून इंजिन गेलं असेल तर वॉरंटी हात वर करते. ते काम इन्शुरन्सचं, आणि तेही इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन घेतला असेल तरच. साध्या पॉलिसीत ते बसत नाही. जुलै महिना आणि जांबोटीचा रस्ता म्हटल्यावर सुपरवायझरनं जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, 'वॉटर एंट्री संशय' लिहून टाकलं. मी म्हटलं, माझ्यासमोर उघडा, मगच सही करतो. एअर फिल्टर कोरडा ठणठणीत. हेड काढलं, एकही रॉड वाकलेला नाही; पाणी शिरलं असतं तर वाकला असता. मग चेंबर उतरवलं तर तळाच्या ऑइलमध्ये सोनेरी चमकी पसरलेली, लग्नात अंगावर उडवतात तशी. उतरवणारा पोरगा मान हलवत म्हणाला, "ऑइल प्रेशर इल्ल री." म्हणजे प्रेशरच नाही. बेअरिंगची शेल, म्हणजे क्रँकला वेढणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, हातात घेतली, वरचा थर जाऊन तांबं उघडं पडलेलं. क्रँकच्या जर्नलवरून, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावरून, नख फिरवलं; चरे पडलेले, नख अडकलं. नख अडकलं की मायक्रोमीटर लावायची गरज उरत नाही. जॉबकार्डवरची ती 'पाणी'ची ओळ खोडून घेतली आणि खोडलेल्या जागी सुपरवायझरची सही घेतली. त्या एका सहीनं माझे तीन लाख वाचले.

मग सर्व्हिसचा इतिहास. आपल्या सीमाभागातल्या माणसाचं अर्धं काम इकडं, अर्धं तिकडं. माझ्या सात सर्व्हिसपैकी सहा बेळगावात, एक कोल्हापुरात, कारण तेव्हा बहिणीकडे आठ दिवस मुक्काम होता. ती एक बेळगावच्या सिस्टिमला दिसेना. 'एक सर्व्हिस चुकली' या कारणावर क्लेम जायची वेळ. बिलाचा कागद माझ्याकडे फाइलमध्ये होता, म्हणून निभावलं. मोबाइलवर आलेल्या मेसेजच्या भरवशावर राहू नका. शिक्का आणि किलोमीटरचा आकडा असलेला कागद ठेवा.

मंजुरीला १८ दिवस, इंजिन यायला, बसायला धरून एकूण ४१ दिवस. ऑइल, कूलंट, फिल्टर यांचे पैसे आपले. क्लच प्लेटही वॉरंटीत नसते, पण गिअरबॉक्स उतरलेलाच होता, म्हणून नवीन सेट घालून घेतला. मजुरी वाचली. जुने भाग कंपनीकडे परत जातात. मला ते शेल आठवण म्हणून हवं होतं, दिलं नाही.

आता 'नवं इंजिन' म्हणजे काय ते सांगतो. आलं ते लाँग ब्लॉक. म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, वर हेड. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा), इंजेक्टर, अल्टरनेटर, एसीचा काँप्रेसर हे सगळं जुन्या इंजिनावरचं उतरवून नव्यावर चढवतात. टर्बोच्या शाफ्टला इंजिनाचंच ऑइल जातं. ज्या ऑइलमध्ये बेअरिंगचा चुरा फिरला तेच ऑइल टर्बोतून आणि ऑइल कूलरमधून फिरलेलं. मी तेव्हाच सुपरवायझरला विचारलं. उत्तर आलं, "काका, अप्रूवल आलंय खरं टर्बो त्यात नाही." मी म्हटलं, नवं इंजिन बसवताय ते बसवा, खरं टर्बोत गेलेला चुरा कोण काढणार? हसून विषय बदलला. मी जॉबकार्डवर माझ्या हातानं लिहून ठेवलं: 'टर्बो व ऑइल कूलर बदलण्याची मागणी केली, नाकारली.' तारीख घातली.

गाडी देताना तोच सुपरवायझर म्हणाला, आता पाच वर्षं बघायला नको. साफ चूक. वॉरंटीत बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते, घड्याळ शून्यावर येत नाही. माझ्या नव्या इंजिनाची हमीसुद्धा जून २०२६ ला संपणार, म्हणजे नव्याला जेमतेम दहा महिने.

दुसरी गोष्ट तर कुणी सांगितलीच नाही: इंजिन नंबर. नवा ब्लॉक, नवा नंबर. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे मला बाराव्या दिवशी आमच्या शेजारच्या एजंटाकडून चहावर कळलं. धावपळ करून डीलरचं जुन्या-नव्या नंबराचं पत्र, इंजिनाचं बिल, बँकेचा ना हरकत दाखला (कर्ज चालू आहे) आणि इन्शुरन्स एवढं घेऊन गेलो. इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडून नंबर बघितला. आरसी दुरुस्त झाली, इन्शुरन्समध्येही एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, करून घेतलं. मला वाटलं, सुटलो.

डिसेंबरात, ९३,६०० ला, सकाळी गाडी चालू केली की मागून निळा धूर. तवंदी घाट चढताना टर्बोची शिट्टी, जोर गायब. जे व्हायचं तेच झालं. क्लेम टाकला तर परत आला: 'इंजिन नंबर जुळत नाही.' आरटीओत नवा, इन्शुरन्समध्ये नवा, आणि ज्या कंपनीनं स्वतः इंजिन दिलं तिच्याच वॉरंटीच्या करारावर जुना! ती दुरुस्ती डीलरनं आतून करायची असते, ती राहिलेली. डीलर म्हणतो कंपनीला मेल केलाय, कंपनी म्हणते डीलरला विचारा. आठ दिवस हा झोका बघितला आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. मेलमध्ये हेही लिहिलं की २०१९ च्या ग्राहक कायद्यानं मी राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मला कुठं लांब जायची गरज नाही. जॉबकार्डवरच्या त्या माझ्या ओळीचा फोटो जोडला. तक्रारीनं काम झालं की त्या फोटोनं, सांगता येत नाही. एकोणिसाव्या दिवशी नंबर बदलला आणि टर्बो व ऑइल कूलर दोन्ही मंजूर. मी दिले फक्त ऑइल-फिल्टरचे.

त्यानंतर गाडी कशी आहे? आज ९७,७०० झालेत. इंजिन जुन्यापेक्षा गुळगुळीत, ऑइल कांडीवर हलत नाही. सरासरी १८ च्या आसपास, पूर्वीइतकीच. पहिले हजार किलोमीटर मी ताणली नाही. ऑइल तर १,००० वर एकदा आणि ५,००० वर एकदा पदरच्या पैशानं बदललं. वर्कशॉपवाले म्हणाले, गरज नाही. नसेल. चमकी एकदा बघितलेल्या माणसाला ते सांगून उपयोग नाही.

वागणुकीला मी दहापैकी पाच देईन, वॉरंटीला आठ. दोन मार्क कापले ते त्या बारीक अक्षरांसाठी. सगळं इंग्रजीत, कन्नडमध्ये नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. मुलीला बसवून पानन्‌पान वाचून घेतलं, तेव्हा कुठं क्लच, बेल्ट, होसपाइप, वायपर, ब्रेक पॅड हे सगळं बाहेर आहे हे कळलं.

मुदत संपायला दोन महिने राहिलेत. थंड इंजिनाला एसी लावला की काँप्रेसर घरघरतो आणि डावीकडं वळताना स्टिअरिंगमध्ये बारीक टक् वाजतं. दोन्ही पुढच्या आठवड्यात जॉबकार्डवर लिहून घेणार आहे, माझ्याच हातानं.