मलावी सिक्लिडच्या टँकसाठी पोल्ट्रीचा शेल ग्रिट: 5 पैकी 4 स्टार

कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो तो शिंपल्याचा चुरा, म्हणजे शेल ग्रिट, मी माझ्या मलावी टँकच्या (म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी तळ्याचे सिक्लिड कुळातले मासे ठेवलेला टँक) फिल्टरमध्ये वापरतोय आणि हा त्याचा रिव्ह्यू. एक स्टार कापलाय तो वास आणि धुण्याच्या वैतागापायी, बाकी कामाला तक्रार नाही.

हे लागतं कशाला ते आधी. मी मुलुंडला राहतो, आपलं पालिकेचं पाणी येतं तानसा, भातसा, वैतरणा वगैरे तलावांतून, म्हणजे शेवटी काळ्या दगडावरून वाहत आलेलं पावसाचंच पाणी, प्यायला एकदम गोड पण केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, पीएच टिकवून धरतो तो हाच) अगदीच कमी. टँकमध्ये माशांच्या घाणीचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, ते आम्ल केएच संपवत जातं आणि एकदा का केएच संपला की पीएच धाडकन खाली येतो. टेट्रावाल्यांचं चालून जाईल कदाचित, पण मलावी तळ्याचा पीएच साधारण 7.7 ते 8.6, तिथल्या माशांना हे झेपत नाही. आणि गंमत म्हणजे मलावीचं पाणी लोक समजतात तेवढं हार्ड नाहीच, मध्यम आहे, त्यामुळे 'आफ्रिकन म्हणजे मीठ टाका' हा सल्ला कोणी दिला तर कानाडोळा करा, साध्या मिठाने केएच वाढत नाही.

शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लाकडे झुकायला लागलं की तो विरघळतो, पीएच 8 च्या आसपास गेला की विरघळणं जवळपास थांबतं, त्यामुळे जास्त पडला म्हणून काही बिघडत नाही. बाटलीतल्या बफर पावडरीत ही सोय नाही, तिथे दर पाणी बदलताना चमचे मोजा आणि विसरलात तर पीएच वरखाली. माझा टँक चार बाय दीड बाय दीड फूट, अडीचशे लिटरच्या आसपास, कॅनिस्टरमध्ये (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) दीडेक किलो ग्रिट जाळीच्या पिशवीत भरलाय (वॉशिंग मशीनमध्ये मोजे टाकायला मिळते ना, तीच पिशवी). नळाचं पाणी 7.2 दाखवतं, टँक 7.9 वर टिकून आहे.

आता वैताग. माल सुटा मिळतो, त्यात वाळू, कचरा, सुकलेले कसलेकसले तुकडे, आणि पहिलं पाणी ओतलं की घरभर सुकटीच्या बाजाराचा वास. चाळून घ्या, बारीक भुगा टाकून द्या नाहीतर टँक ताकासारखा होतो, मग बादलीत पाणी स्वच्छ येईपर्यंत चोळून धुवायचं आणि उन्हात कडक वाळवायचं. घेताना नुसता शिंपलाच मागा, कॅल्शियमच्या नावाखाली मिनरल मिक्श्चरही विकतात, त्यात काय काय असतं, ते माशांना नको. तळाला वाळू म्हणून मात्र हा पसरू नका, कडा धारदार असतात आणि पीकॉकसारखे मासे वाळू तोंडात घेऊन चाळतात. तळाला साधी गोल दाण्याची वाळू बरी.

कोरलचा चुरा का नाही असं विचाराल. फिशवाले तोच देतात, कामही तसंच करतो, पण 2001 पासून आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, आणि सुट्ट्या पिशवीतला चुरा कुठून आला हे कोणी सांगत नाही. इम्पोर्टेड अ‍ॅरागोनाइट सँड (तीही कॅल्शियम कार्बोनेटचीच वाळू) चांगली, पण चार फुटी टँकचा तळ भरायचा तर खिसा हलका होतो. त्यापेक्षा तो पैसा मोठ्या काचेत आणि फिल्टरमध्ये घाला.

दगडांचंही तसंच. सह्याद्रीचा काळा दगड दिसतो मस्त, पाण्यात काही सोडत नाही पण पीएचला मदतही नाही. शहाबादी फरशी मात्र चुनखडक आहे, फरशीवाल्याकडे तुटके तुकडे पडलेले असतात ते आणा, वर व्हिनेगरचे थेंब टाकले की फसफसतं, म्हणजे बरोबर माल. पॉलिश मारलेली नको. रचताना दगड थेट तळाच्या काचेवर (खाली थर्माकोल घालून), वाळू नंतर, कारण म्बुना (मलावीचे खडकांत राहणारे सिक्लिड) खणतात आणि वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस काचेवर येतो.

एक महत्त्वाचं, ग्रिट टाकला म्हणजे टँक तयार झाला असं नाही. पीएच वाढला की माशांच्या घाणीतला तोच अमोनिया जास्त विषारी होतो, त्यामुळे सायकल (फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू तयार होणं) पूर्ण व्हायच्या आत यलो लॅब आणि रेड झेब्रा असे म्बुना आणून सोडलेत तर साध्या टँकपेक्षा लवकर मरतील आणि मग शिव्या शिंपल्याला. खाणंही सांभाळा, म्बुना मुख्यतः दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, रोज ब्लडवर्म (लाल अळ्या) घातलेत तर पोट फुगून जातात, स्पिरुलिनाच्या गोळ्या द्या. हीटर मुंबईत फारसा लागत नाही, उलट मे महिन्यात टँक 31-32 ला जातो, तेव्हा झाकण उघडून पंखा लावावा लागतो. उघडं झाकण आणि उड्या मारणारे मासे, वर जाळी टाका हो.

टिकतो किती? हळूहळू विरघळत राहतो पण त्याआधी वर बुळबुळीत थर बसतो आणि काम मंदावतं, तेव्हा फिल्टर साफ करताना टँकच्याच पाण्यात खळबळून घ्यायचा. केएचची टेस्ट किट ठेवा, पीएचचीच पट्टी बघत बसलात तर केएच संपत आलेला उशिरा कळतो.

बोअरच्या पाण्यावर असाल, तर घेण्याआधी पाणी तपासा, बऱ्याच ठिकाणी ते आधीच एवढं हार्ड असतं की यातलं काहीच लागत नाही. आणि टांगानिका या आफ्रिकेतल्याच दुसऱ्या तळ्याचे मासे ठेवायचे असतील तर हा माल पुरा पडणार नाही, तिथे पीएच 9 च्या जवळ लागतो, शिंपला तिथवर नेत नाही. त्यांनी खायचा सोडा बघावा, 50 लिटरला चहाचा एक चमचा टाकला की केएच साधारण 4 डिग्री वाढतो, पण बदलायच्या पाण्यात आधी विरघळवून आणि थोडा थोडा, एकदम नाही.