टेबल सॉ, आठेक महिन्यांनंतर: भांडण फक्त एका सुताचं

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेलं गोल फिरतं ब्लेड, लाकूड त्यावर ढकलून कापायचं. दहा इंची ब्लेड, दोन हजार वॅटची कार्बन ब्रशवाली (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची) मोटर, अ‍ॅल्युमिनियमचं टेबल, उजवीकडे ओढून वाढवता येणारा टेबलाचा जोडभाग. बाकीचं स्पेसिफिकेशन तुम्ही आधीच वाचलेलं असणार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच मशीन बाजारात वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या नावांनी मिळतं. घेणाऱ्यांना फोटोवरून कळेलच.

मशीन गेल्या महिन्यात बंद पडलं, त्याचं रामायण पुढे येतंच. आधी खाच.

माइटर गेज (लाकूड ठरावीक कोनात धरून ब्लेडकडे सरकवायचं साधन) ज्या खाचेतून सरकतो ती खाच बहुतेक चांगल्या टेबल सॉवर पाऊण इंच रुंद आणि तीन सूत खोल असते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बाहेर मिळणारे गेज, फेदरबोर्ड (लाकूड दाबून धरणारी दातेरी पट्टी), स्लेडच्या (तुकडा वर ठेवून कापायच्या सरकत्या बैठकीच्या) तयार पट्ट्या, सगळं याच मापाचं. या मशीनची खाच आहे पाच सुताची. सहा असायला हवी होती, पाच आहे. हे एक सूत वाचवून कंपनीने नेमकं काय कमावलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. वरून खाचेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना छोटे कान काढून ठेवलेत, म्हणजे दुसरी पट्टी घासून बारीक केली तरी वरून खाली बसायची नाही, मागून सरकवत आणावी लागते. म्हणजे वापरायचा तो कंपनीचाच गेज. त्याचं डोकं प्लॅस्टिकचं, पट्टी खाचेत हलते. पंचेचाळीसवर लावला तर एकदा चव्वेचाळीस कापतो, एकदा सेहेचाळीस. पट्टीच्या कडेला सेलोटेप चिकटवून पाहिली. चार काप नीट झाले, मग टेप गोळा होऊन खाचेतच अडकली.

सुरुवातीला याचा त्रास जाणवला नाही, कारण काम सगळं उभ्या कापाचं, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने होतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पाडलेल्या वाड्याची सागाची तुळई आणली होती. जुन्या सागाला तोड नाही, पण त्यात खिळे कुठे गाडलेले असतात ते देवाला ठाऊक. आधी लोहचुंबक फिरवायचा, मगच ब्लेड. सोबत आलेलं चोवीस दातांचं ब्लेड अशा कामाला चांगलं आहे. दोन इंच जाडीचा साग घाई न करता ढकलला तर मोटर कुरकुरत नाही. फेन्स (लाकूड टेकवायची कडेची सरळ पट्टी) दर वेळी पुढे-मागे मोजून लावावा लागतो, पण एकदा आवळला की हलत नाही. चपलांचं कपाट आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल याच लाकडातून निघालं. आमच्या भागातले सुतार चार इंची कटर प्लायच्या फळीला उलटा बांधून त्याचा टेबल सॉ करतात. त्याच्यापुढे हे मशीन म्हणजे राजेशाही, आणि रायव्हिंग नाइफ (ब्लेडच्या मागची पातळ पाती) असल्यामुळे लाकूड मिटून ब्लेड चिमटण्याची भीती बरीच कमी. ती पाती काढून ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

अनपेक्षित आनंद दिला तो स्विचने. लाइट गेली आणि परत आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. गुरुवारी काम करणाऱ्या पुणेकराला याची किंमत वेगळी सांगायला नको. आवाज मात्र भयंकर आहे, कानाला मफ लागतातच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी एक ते चार हे चालवण्याचा विचारही करू नका.

आडवे काप सुरू झाले आणि खाच डोक्यात जायला लागली. प्लायचे तुकडे काटकोनात हवेत, आणि हा गेज काटकोन ओळखतच नाही. शेवटी स्लेड बनवला: अठरा मिलिमीटर प्लायची बैठक, मागे साधी सरळ पट्टी, खाली दोन लाकडी रूळ. रूळ आपणच कापायचे, म्हणजे खाच पाच सुताची असो की साडेपाच, काय फरक पडतो? घरात स्टीम बीचचे (वाफवलेल्या बीच लाकडाचे) तुकडे पडून होते. खाचेच्या मापाला कापले, वरून मेण घासलं, आणि स्लेड लोण्यासारखा सरकायला लागला. त्या दिवसांत माझं मत पार फिरलं होतं. या मशीनला नावं ठेवणाऱ्यांना स्लेड बनवता येत नाही, इतकंच, असं मी दोघा-तिघांना ऐकवलंही. त्यातल्या एकाने मशीन घेतलं. तो हे वाचत असेल तर पुढचा परिच्छेद त्याच्यासाठी.

जुलैमध्ये स्लेड अडकला. नुसता घट्ट झाला असं नव्हे, मधेच थांबला, ढकलला की धक्क्याने पुढे जायचा. फिरत्या ब्लेडसमोर यापेक्षा वाईट काही नाही. बीच हे दिसायला घट्ट, पण पाण्याला हपापलेलं लाकूड. ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत आडव्या दिशेला ते जवळजवळ १२ टक्के आकसतं, साग सहा टक्क्यांच्याही आत. पावसाळ्यात हाच हिशोब उलटा चालतो. सोळा मिलिमीटरचा रूळ पाव मिलिमीटर फुगला की खेळ खलास. रूळ तासून सैल करावा तर ऑक्टोबरमध्ये तो खुळखुळणार. खाच पाऊण इंची असती तर बाजारातला अ‍ॅल्युमिनियमचा रूळ आणून मोकळा झालो असतो. म्हणजे फिरून आलो तिथेच.

गणपतीचं मखर तोंडावर होतं. एमडीएफचे (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) पॅनेल, सगळे आडवे काप. बायकोने स्वयंपाकघरातला जुना पांढरा प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड टाकायला काढला होता. तो जाड पॉलिथिनचा असतो, पाणी पीत नाही, फुगत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमवर मेणाशिवाय सरकतो. त्याच्या दोन पट्ट्या काढल्या, खालून स्क्रूने बसवल्या. यावर फेविकॉल धरत नाही, स्क्रूच हवेत, आणि डोकी खोल बुडवायची. एक मात्र आहे, स्क्रू जास्त आवळला तर पट्टी कडेला फुगते आणि पुन्हा अडकते. पाव आटा सैल सोडायचा. तेव्हापासून स्लेडची तक्रार नाही. खर्च शून्य. तयार रुळांची जोडी दीड हजाराच्या खाली नाही, आणि ती या खाचेत बसतही नाही.

आता रामायण. मखराच्या एमडीएफची धूळ मैद्यासारखी असते. व्हॅक्यूमची नळी मागे जोडली तरी निम्मी धूळ मशीनच्या पोटातच राहते. गणपती झाल्यावर एक दिवस मोटर अडखळली, ठिणग्या उडाल्या, बंद. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर मशीन आणून द्या म्हणाले. पंचवीसेक किलोचं धूड रिक्षात घालून नेलं. तिथल्या माणसाने झाकण न उघडता निदान केलं: आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) गेलं, साडेपाच हजार. वॉरंटी? बिल दाखवा. बिल दाखवलं. थर्मल पेपरचं बिल, पार कोरं झालेलं. दुकानाने त्याच बिलाची दुसरी प्रत मेलवर पाठवली, तर आता वॉरंटीच्या अटी पुढे आल्या. कार्बन ब्रश, स्विच, बेल्ट आणि "वापरातून होणारी झीज" वॉरंटीत नाही. मग आहे काय वॉरंटीत? टेबल. आणि टेबलातली ती खाच, तिला अर्थातच काही झालेलं नाही.

मशीन परत घरी आणलं. आमच्या गल्लीच्या टोकाला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. त्याने सिरीजचा दिवा लावून तपासलं आणि म्हणाला, "साहेब, आर्मेचर ठणठणीत आहे. कार्बन अडकलाय." ब्रशच्या घरात धूळ घट्ट बसली होती, स्प्रिंग ब्रशला पुढे ढकलू शकत नव्हती, म्हणून ठिणग्या. बोहरी आळीतून कार्बनची जोडी आणली, नेमक्या मापाची मिळाली नाही, जराशी जाड होती. पॉलिशपेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर घासून बसवली. सगळे मिळून तीनशेच्या आत. आता एमडीएफ कापलं की दोन्ही बाजूंची ब्रशची टोपणं काढून ब्लोअर मारतो. हे मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. ब्लेडजवळ बोटं नेऊ नका हे मात्र प्रत्येक पानावर आहे.

दुरुस्तीनंतरचं पहिलं मोठं काम म्हणजे काहोन. भाचा मिरजेचा. ज्या गावच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्या गावच्या पोराला वाजवायचंय पेरू देशातलं लाकडी खोकं. "मामा, त्यात काय, डबाच तर आहे!" डबा आहे खरा, साधारण तीस बाय तीस, उंची अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. बाजू बारा मिलिमीटर प्लायच्या, पुढे तीन मिलिमीटरचा पातळ पडदा, मागे गोल भोक. पण चार कोपरे म्हणजे पंचेचाळीस अंशांचे आठ काप. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक धरा, डबा मिटेपर्यंत चार अंश होतात आणि शेवटचा कोपरा आ वासतो. त्या फटीतून हवा निसटते आणि थाप मारली की झरझर ऐकू येते. ब्लेड कलवून, पंचेचाळीससाठी वेगळा स्लेड करून कापले. त्याच चॉपिंग बोर्डाच्या उरलेल्या पट्ट्या त्याला लागल्या. चारही तुकडे पालथे ओळीत ठेवून मागून मास्किंग टेप, मग उलटवून खाचांत फेविकॉल, आणि चटई गुंडाळतात तसा डबा मिटवला. कोपरे बंद. पडद्याच्या आतून जुन्या गिटारच्या तारा टेकवल्या, वरच्या दोन कोपऱ्यांचे स्क्रू किंचित ढिले ठेवले. तिथे थाप मारली की कडक टक् येतो, मध्ये मारली की पोटातून घुमारा. कंपनीच्या गेजवर हे होणं शक्य नव्हतं.

तर गुण किती? कापायला चार, सर्व्हिसला एक, खाचेला शून्य. सरासरी तुम्ही काढा. मोठं आडवं काम नसेल, जुनं लाकूड फाडून फळ्या काढायच्या असतील, तर या किमतीत दुसरं बघू नका. प्लायची खोकी, ड्रॉवर, मखर करणार असाल तर चॉपिंग बोर्ड आणि एक रविवार हिशोबात धरा. सोबतच्या ब्लेडने प्लायच्या कडेला चिपा उडतात, साठ दातांचं वेगळं घ्यावं लागतं, तेही धरा. बिलाचा फोटो दुकानातच काढा. आणि पैसे देण्याआधी पाऊण इंची पट्टी खिशातून काढून खाचेत घालून बघा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.