थिमेट गेलं, आता हुमणीला काय: आळवणीचं औषध की बुरशी?

उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीवर आपण थिमेट टाकत होतो, आधी त्याचा विषय मिटवून टाकतो, कारण अजूनही कोणतरी विचारतंच, "कुठं गुपचूप मिळंल का?" थिमेट म्हणजेच फोरेट, आणि फोरेटवर बंदी आहे, संपला विषय. ऑगस्ट २०१८ ला केंद्रानं १८ औषधांवर बंदीचा आदेश काढला, त्यातली १२ लगेच बंद झाली आणि फोरेटसकट ६ औषधांना ३१ डिसेंबर २०२० पर्यंत मुदत दिली, ती मुदतही संपून आता वर्षं झाली. तरीपण कुणी काढून दिलंच तर ते जुनं पडून राहिलेलं किंवा भलतंच काहीतरी असणार, आणि पावती तर मिळणारच नाही.

थिमेट गुणाला येत होतं हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. खतात मिसळलं, सरीत टाकलं, काम झालं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते सगळ्यात वरच्या, अत्यंत घातक गटात, आणि आपण ते टाकत होतो कसं तर घमेल्यात युरियाबरोबर कालवून उघड्या हातानं, आणि हात बहुतेक वेळा मजुरीवर आलेल्या बायकांचे. संध्याकाळी साबणानं धुतलं तरी त्याचा तो उग्र वास हाताला राहायचा, तोच हात भाकरीला. लाल त्रिकोणाच्या डब्यावर हातमोजे, मास्क, अंगभर कपडे असं सगळं लिहिलेलं असतं, पण आपल्याकडच्या ऑगस्टात, सरीत चिखल, ऊस छातीला लागलेला, अंगातनं घाम निथळतोय, तिथं ते घालून कोण काम करतंय सांगा की. माझ्या मते बंदी हवीच होती ती ह्याच्यासाठी. लेबलवरचा सुरक्षित वापर आपल्या रानात होतच नाही. २०१७ ला यवतमाळला कापसात फवारताना वीसच्या वर माणसं गेली, औषधं वेगळी होती, पण परिस्थिती हीच, डोक्याएवढं पीक आणि अंगावर साधा शर्ट.

आणि हो, नांगरामागं जे बगळे चालतात ना, ते हुमणीच वेचत असतात. फोरेट पाखरांना फार वाईट. म्हणजे फुकटचा गडी आपणच मारत होतो.

"बंदी घातली, आता शेती कशी करायची" हे एंडोसल्फान ह्या कीटकनाशकाच्या वेळीही ऐकलेलं आहे. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर ते वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं फवारलं, पिढी बरबाद झाली म्हणून लोक लढले, २०११ ला सुप्रीम कोर्टानं ते औषधच देशभर थांबवलं. शेती चाललीच आहे की.

बरं, आता मुद्द्याचं. सध्या आपल्यासमोर सरळ दोन वाटा आहेत. एक, फिप्रोनिल ४० आणि इमिडाक्लोप्रिड ४० चं जोड औषध पाण्यात मिसळून उसाच्या बुडक्याला ओतायचं, म्हणजे आळवणी. दुसरी, मेटारायझियम बुरशी शेणखतात मुरवून सरीला द्यायची, जोडीला वळवाच्या पावसात भुंगेरे, म्हणजे हुमणीचे उडणारे किडे, गोळा करायचे. मी दोन्ही केलंय, नदीकडच्या हलक्या रानात आणि वरच्या काळ्या रानातही.

आळवणीचं औषध कामाला चांगलं आहे, थोडक्या दिवसात फरक दिसतो, पिवळा पडत चाललेला ऊस थांबतो. फोरेटइतकं जहालही नाही, हे मान्य. ज्याचं रान लांब आहे, घरात मनुष्यबळ नाही, त्याला हेच सोपं पडेल. पण युरोपात इमिडाक्लोप्रिड २०१८ ला उघड्या शेतातनं बंद केलंय, मधमाशांपायी. ते पाण्यात सहज विरघळतं, आणि आपल्याकडं आळवणीची वेळ म्हणजे नेमका धो धो पाऊस, मग ते विहिरीकडं, ओढ्याला आणि तिथनं पंचगंगेला जाणारच नाही असं कोण छातीठोक सांगणार.

तरीही ह्या सगळ्यामुळं मी औषध सोडलं असं म्हणालो तर ते पूर्ण खरं नाही. सोडलं ते वैरणीमुळं.

दारात म्हशी आहेत. पावसाळ्यात आमची निम्मी वैरण उसातनंच निघते, सरीतलं गवत, बांधावरचं गवत, कडेनं टाकलेला मका. औषध आंतरप्रवाही, म्हणजे मुळातनं पानात चढणार, आणि ते नुसतं उसाच्याच मुळाला कळतंय थोडंच, शेजारचं गवतही तेच पाणी पितंय. म्हणजे आळवणी झाली की त्या रानातली वैरण बंद. मग रोज सकाळी घरात तीच कटकट, कुठली सरी आळवली, कुठली राहिली, कालचा भारा कुठनं आणला, आईला सांगितलं तर बाईमाणसाला सांगायचं राहतंय, काठीला चिंधी बांधून खूण केली तर पावसानं काठी आडवी. शेवटी विकतची वैरण आणायची आणि डोळ्यासमोर हिरवंगार गवत वाढताना बघत बसायचं. दूध डेअरीला जातंय, आपल्याच घरातली पोरं तेच पितात, त्यात धोका कुणी पत्करायचा? खरंच किती उतरतं दुधात हे मी काही मोजलेलं नाही, कदाचित माझी भीती जास्त असेल. पण ती कटकट नको झाली एवढं नक्की.

बुरशीला ही भानगड नाही. आज सरीला दिली, उद्या त्याच सरीतलं गवत कापा.

पण बुरशीचे स्वतःचे नखरे आहेत हां. ती जिवंत वस्तू आहे. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात तापलेली पुडी आणली तर त्यात नुसती पावडरच राहिलेली असते, म्हणून तारीख बघून, थंड जागी ठेवलेली बघूनच घ्या. शेणखत चांगलं कुजलेलं पाहिजे, ओल पाहिजे (ती आपल्याकडं देव देतोच), आणि त्याच दरम्यान बुरशीनाशक सोडलं तर सगळंच पाण्यात. आणि धीर पाहिजे. बुरशी अळीच्या कातड्यातनं आत शिरते, वाढते, मग अळी मरून कडक होते आणि वर हिरवट थर येतो, ह्याला वेळ लागतो. अळी लहान असताना, जून-जुलैत, दिली तर मजा. ऑगस्ट-सप्टेंबरात अळी बोटाएवढी जाड होऊन मुळं खात बसली असेल, ऊस हातानं उपटून येत असेल, तर बुरशीच्या भरवशावर राहू नका, तिथं औषधच लागेल, मीही तेच करीन. फक्त तेवढाच पट्टा आळवीन आणि म्हशी तिकडं फिरकू देणार नाही.

भुंगेऱ्यांचं मात्र दोन्ही वाटांना लागू आहे आणि तेच लोक टाळतात. वर्षाला एकच पिढी, वळीव झाला की अंधार पडताना जमिनीतनं निघून बाभळी, कडुलिंब, बोरीवर बसतात. फांदी हलवायची, खाली पडले की रॉकेलच्या पाण्यात. एक मादी पन्नासच्या आसपास अंडी घालते, तेव्हा एका संध्याकाळचं काम किती वाचवतंय बघा. अडचण एवढीच, भुंगेऱ्याला बांध कळत नाही. तुम्ही एकट्यानं केलं आणि शेजारचा घरात बसला तर निम्मं फुकट.

तर माझ्यासारखी दारात जनावरं असतील आणि हुमणीचा त्रास दरवर्षी थोडाथोडा असेल तर बुरशीच घ्या असं मी सांगीन. जनावरं नाहीत, रान खंडानं दिलंय, गेल्या साली निम्मा प्लॉट गेलाय, तर यंदा एकदा औषध मारायला माझी ना नाही. दोन्हीपैकी काहीही घ्या, पक्की पावती आणि बॅच नंबर घेऊनच दुकानातनं निघा. आणि शेजारच्याशी बोलणं वळवाच्या आधीच उरका, एकदा भुंगेरे उडायला लागले की कुणाला सवड नसते.