रोबोटिक ग्लोव्ह आठ महिने वापरल्यावर: ह्यांच्या उजव्या हाताचा अनुभव

ह्यांना पक्षाघात झाला त्याला आता वर्ष होईल. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली आणि उजवी बाजू लुळी पडली. चौथ्या महिन्यात काठीशिवाय चालायला लागले, पण हात मूठ आवळून छातीशीच. तेव्हा हवेच्या दाबावर बोटं उघडमीट करणारा ग्लोव्ह आणला.

सुरुवातीला तो घालायलाच वीस मिनिटं जायची. बोट सरळ करायला जावं तर ते आणखी आवळायचं. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांनी) दाखवलं की आधी मनगट खाली वाकवायचं. बोटं मिटवणारे स्नायुबंध मनगटावरून जातात, मनगट वाकलं की त्यांचा ताण उतरतो आणि मूठ सैल पडते. आता पाच मिनिटं पुरतात. मापाचं एक सांगते: आम्ही चांगल्या हाताचं माप दिलं, आणि सुजलेल्या हाताला ग्लोव्ह घट्ट झाला. बदलून घ्यावा लागला.

पहिले दोन महिने चुकीचे गेले, आणि त्याची हळहळ अजून वाटते. ग्लोव्ह चढवायचा, यंत्र चालू करायचं आणि तासभर टीव्ही बघायचा. फायदा अजिबात झाला नाही असं नाही. तळव्यात नखं रुतायची ती थांबली, तळवा नीट धुता-पुसता येऊ लागला, दुखणंही कमी झालं. पण ग्लोव्ह काढला की एकही बोट हलत नव्हतं. थेरपिस्टनी विचारलं, "बोट उघडायच्या आधी ते स्वतः प्रयत्न करतात का?" करतच नव्हते. मग क्रम बदलला: नजर बोटांवर, पाच सेकंद स्वतःचा जोर, त्यानंतरच यंत्र. दिवसाला वीसच मिनिटं, पण पार दमून जात. क्रम बदलल्यापासून सातव्या आठवड्यात तर्जनी किंचित उचलली गेली.

जोडीला कोपर ते मनगट या भागात, हाताच्या वरच्या बाजूला इलेक्ट्रोड लावून विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र होतं. त्याने मनगट आणि बोटं वर उचलली जातात, त्या क्षणी ठोकळा सोडायचा सराव. पकडणं लवकर आलं, सोडणं फार उशिरा. त्वचेला संवेदना कमी असते, म्हणून इलेक्ट्रोड काढल्यावर लाली आली आहे का ते मी रोज बघते. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावूच नये. कडकपणासाठी मधे बोटॉक्सचं इंजेक्शनही दिलं. त्याचा असर साधारण तीन महिने, म्हणून त्या काळात सराव वाढवला.

बोटं थोडी उघडू लागल्यावर चांगल्या हाताला जाड मोजा घालायला सांगितला, म्हणजे कामं उजव्या हातानेच करावी लागतात. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की न वापरलेला हात वापरायचाच नाही अशी सवय जडते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या अभ्यासात या पद्धतीचा फायदा दिसला. तिथे दोन आठवडे, जागेपणीचा 90 टक्के वेळ मोजा घालायचा होता. आम्हाला तीन तासच जमले, कारण त्यापुढे ह्यांची चिडचिड व्हायची आणि ती मला योग्यच वाटायची. ज्याचं बोट जराही उघडत नाही त्याच्यावर मात्र हा उपाय लादू नका, नुसता छळ होतो.

साठ सेकंदांत ठोकळे एका कप्प्यातून दुसऱ्यात टाकण्याची चाचणी असते. दुसऱ्या महिन्यात शून्य, पाचव्यात तीन, आता नऊ. शर्टाची बटणं जमत नाहीत, पेन धरवत नाही, संध्याकाळी हात परत आवळतो. पण उजव्या हाताने बाटली धरून डाव्याने झाकण उघडतात. आता मी ग्लोव्ह घेऊन गेले की "थांब, आधी मला करू दे" म्हणतात.

घ्यावा का? घरी कोणी रोज शेजारी बसणार असेल तर घ्या, तोही आपल्या थेरपिस्टसमोर एकदा घालून बघून. सहाव्या महिन्यात आमच्या ग्लोव्हची अनामिकेची नळी गळायला लागली आणि दुरुस्तीत तीन आठवडे गेले. तेवढे दिवस मी माझ्याच हाताने ह्यांची बोटं उघडत होते, आधी पाच सेकंद थांबून.