ओएनजीसी की इंडियन ऑईल : उद्याच्या ऊर्जेसाठी कोणाचा समभाग ठेवावा?

सरकारी तेल कंपनीचा समभाग लाभांशासाठी घेऊन ठेवायचा, ही जुनी रीत झाली. हल्ली ओळखीतले लोक विचारतात ते वेगळेच : तेलाचे दिवस सरल्यावरही टिकून राहील, अशी यांतली कोणती? माझ्याकडे २०२२ पासून जमिनीतून आणि समुद्रातून तेल-वायू काढणारी ओएनजीसी आणि तेल शुद्ध करून विकणारी इंडियन ऑईल, या दोन्ही सरकारी कंपन्यांचे थोडे थोडे समभाग होते आणि २०२५ मध्ये त्यांतला एकच वाढवायचा, असे मी ठरवले. मी या विषयातला जाणकार नव्हे, त्यामुळे पुढचे सारे एका लहान गुंतवणूकदाराचे मत म्हणूनच वाचावे.

कागदावर इंडियन ऑईलची योजना अधिक पटते, हे आधीच मान्य करतो. तेल शुद्ध करताना गंधक काढण्यासाठी हायड्रोजन लागतोच आणि तो आजवर मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनत आला आहे. त्यामुळे पानिपतला वर्षाला १०,००० टन हरित हायड्रोजनाचा (म्हणजे सौर-पवनसारख्या स्वच्छ विजेने पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनाचा) जो प्रकल्प ठरला आहे, त्याला गिऱ्हाईक शोधत बाहेर हिंडावे लागणार नाही. त्याच पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. ओएनजीसीचा मार्ग याहून साधा, थोडा रुक्षच म्हणा ना : तयार असेल ते विकत घ्यायचे. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या एनटीपीसी ग्रीनबरोबर भागीदारी करून तिने २०२५ मध्ये अयाना ही सौर-पवन विजेची सुमारे ४.१ गिगावॉटची कंपनी घेतली, तर २८८.८ मेगावॉटच्या पवनचक्क्या ९२५ कोटींना घेतल्या. समुद्रात विहिरी खणण्यात जिची हयात गेली, तिने पवनचक्क्यांची खरेदी करावी, याचे मला तेव्हा हसू आले होते.

निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे हवेत सोडला तितकाच कार्बन परत काढून घेण्यासाठी, ओएनजीसीने २०३८ आणि इंडियन ऑईलने २०४६ हे साल धरले आहे. ही वर्षे मी फारशी मनावर घेतली नाहीत, कारण हिशेब कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाचा आहे, आपण गाडीत जाळतो त्या तेलाचा नव्हे.

मला खटकले ते दुसरेच. जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट उतरवल्यानंतर मुंबईत पेट्रोलचा दर १०६ रुपये ३१ पैसे झाला आणि मार्च २०२४ पर्यंत तो तिथेच राहिला. माझ्या रोजच्या वाटेवरच्या पंपावर तो आकडा मी इतक्यांदा पाहिला की पाटी न बघताही हिशेब करता येई. गाडीवाला म्हणून मी खूश होतो. भागधारक म्हणून मात्र दर वेळी मनात येई की कच्चे तेल वर गेले तरी ही पाटी हलणार नाही. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत इंडियन ऑईलला सुमारे १,९९२ कोटींचा तोटा झाला तो याच सुमारास. सिलिंडरचेही तेच : इंडियन ऑईलसह तीन सरकारी कंपन्यांना घरगुती गॅस स्वस्तात विकून झालेल्या तोट्यापोटी केंद्राने २०२२ मध्ये २२,००० कोटी आणि २०२५ मध्ये ३०,००० कोटी मंजूर केले. यात कंपनीचा दोष नाही. पण ज्या पैशातून हायड्रोजन उभा राहायचा, तो आधी स्वयंपाकघरातून वळसा घेऊन येतो, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

ओएनजीसीला सरकार हात लावत नाही, असे मुळीच नाही. जुलै २०२२ मध्ये कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर बसला आणि तो पुढे कमीजास्त होत डिसेंबर २०२४ मध्ये संपला. जुन्या क्षेत्रांतल्या वायूच्या दरालाही मर्यादा आहे. तरी तिचे तेल जागतिक भावाच्या आसपास विकले जाते आणि कर भरूनही हातात काही उरते. मुंबई हाय हे तिचे समुद्रातले तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले, म्हणजे ते आता पन्नाशी ओलांडलेले आहे, ही धास्ती मला आहेच. पण जुनी विहीर पैसे देते आहे तोवर त्यातून पवनचक्की घेणे मला समजते.

घरचे गिऱ्हाईक असलेला उद्योग ज्याला हवा आहे आणि दहा वर्षे थांबायची ज्याची तयारी आहे, त्याने कदाचित इंडियन ऑईलकडेच पाहावे. मी ओएनजीसी वाढवले. इंडियन ऑईलचे दहा समभाग मात्र विकले नाहीत, कारण पानिपतचा हायड्रोजन वेळेवर निघतो का, हे मला बघायचे आहे.