भीमाशंकर की हरिश्चंद्रगड?

पाऊस जवळ आला की कोणीतरी विचारतंच, "दोन दिवस आहेत, भीमाशंकर करू की हरिश्चंद्रगड?" मी उलट विचारतो, झाडी बघायचीय की कडे?

झाडी हवी असेल तर भीमाशंकर. १९८५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य आहे जेमतेम १३० चौरस किलोमीटरचं, पण रान असं की भर दुपारी वाटेवर अंधारून येतं. शेकरू इथलं खरं मानकरी. आधी वरून खडखडाट ऐकू येतो, मग तांबूस पाठ आणि झुपकेदार शेपूट या फांदीवरून त्या फांदीवर जाताना दिसते. काटक्यापानांची घरटी नीट बघा, एकच शेकरू ती दोन-चार तरी बांधून ठेवतं.

अडचण एकच, ज्योतिर्लिंग. श्रावणात सोमवारी गेलात तर शेकरूऐवजी गाड्यांची रांग बघून याल. मधल्या वारी जा आणि देवळामागून गुप्त भीमाशंकरची वाट धरा. खांडसहून चढणार असाल तर पावसात गणेश घाटानेच. शिडी घाट जवळचा खरा, पण ओल्या कातळावर हौस नको.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य अकोले तालुक्यात, पसारा ३६० चौरस किलोमीटरच्या वर. १६४६ मीटरचं कळसूबाई, रतनगड, भंडारदऱ्याचं पाणी, सगळं यातच. म्हणूनच दोन दिवसांत 'सगळं' करायला जाऊ नका, अर्धा वेळ गाडीत जातो. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढा. खिरेश्वरची वाट लांब आहे. वर केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात पिंडीभोवती फिरताना पाय बधिर होतात. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. संध्याकाळ कोकणकड्यासाठी राखून ठेवा, आणि कडेला पोटावर झोपूनच खाली डोकवा. सांदण दरी म्हणजे कातळातली अरुंद घळ, तिचं नाव पावसात काढू नका.

आई-वडील सोबत असतील तर लोक डोळे झाकून भीमाशंकर म्हणतात. मी नाही म्हणणार. तिथे देवळापर्यंत पायऱ्या उतरायच्या आणि त्याच पुन्हा चढायच्या. त्यापेक्षा भंडारदऱ्याला राहा. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या जुन्या कोरीव देवळाशी गाडी जाते. लहान मुलं असतील तर मात्र शेकरूच.

मेअखेर ते जूनचा पहिला पाऊस या दिवसांत जाणार असाल तर प्रश्नच नाही, भंडारदरा. हिरड्या-बेहड्यावर काजवे लखलखतात. फक्त गाडीचे दिवे बंद करा.