किराण्याची यादी, न वाचलेली चिठ्ठी आणि चार खून

इंग्रजी लेखिका रूथ रेंडेल यांची 'अ जजमेंट इन स्टोन' (१९७७) ही कादंबरी पहिल्याच वाक्यात सगळं सांगून मोकळी होते. खून कोणी केले, कोणाचे केले आणि का केले, काहीच झाकून ठेवत नाही. युनिस पार्चमन या मोलकरणीने कव्हरडेल कुटुंबातल्या चौघांना मारलं, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. झुंजारच्या रहस्यकथांवर वाढलेला वाचक विचारेल, मग पुढच्या दोनेकशे पानांत उरलं काय? उरलं ते घरकाम. चादरी, इस्त्री, चांदीच्या भांड्यांना पॉलिश, पाहुण्यांची खोली, बाजाराची यादी. एवढ्याच सामानावर रेंडेलबाईंनी गळफास विणला आहे.

घर इंग्लंडच्या सफोकमधलं, खेड्याबाहेरचं, मोठं. जॉर्ज आणि जॅकलिन कव्हरडेल हे दोघंही दुसरेपणाचे. त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी मेलिंडा, तिचा पुस्तकांत बुडालेला मुलगा जाइल्स. जॅकलिनला एकटीला घर आवरत नाही म्हणून जाहिरात, मग मुलाखत. आता इथे नागपुरात, धरमपेठेत किंवा बजाजनगरात बाई ठेवताना काय विचारतात ते आठवा. आधी कुठे होती, हात साफ आहे ना, महिन्याला सुट्या किती, भांडी-फरशी दोन्ही करणार का. फार तर आधीच्या घरी एक फोन. 'वाचता येतं का?' हे कोणी विचारत नाही. जॅकलिनही विचारत नाही. ती संदर्भासाठी दिलेल्या नंबरवर फोन करते, पलीकडून भरभरून स्तुती होते, आणि ती स्तुती बनावट असते. कादंबरीतली पहिली चूक ही, आणि ती इतकी साधी आहे की वाचताना आपल्याला ती चूक वाटतही नाही.

त्यानंतर मे महिन्यापासून फेब्रुवारीपर्यंत युनिस उत्तम काम करते. घर लखलखतं. तिचं सगळं डोकं मात्र एकाच गोष्टीत अडकलेलं: कागद समोर येऊ द्यायचा नाही. मालकीण जाताना चिठ्ठी ठेवते, तर चष्मा नसल्याचं निमित्त. मालक ऑफिसातून फोन करून टेबलावरचे कागद शोधायला सांगतो, तर फोनच तुटल्यासारखं करायचं. ही फोनची जागा सावकाश वाचा. दोन मिनिटांचा प्रसंग, मारामारी नाही, रक्त नाही, तरी घाम फुटतो. मालकाला वाटतं बाई उद्धट आहे. बाईला वाटतं आपण पकडले गेलो. दोघंही चूक, आणि त्या दोन चुकांच्या फटीत पुढचं सगळं शिरतं.

त्यात गावातली दुकान-पोस्ट चालवणारी जोन स्मिथ येते. इतरांची पत्रं उघडणारी, धर्माचं वेड घेतलेली, तोंडाचा पट्टा सतत चालू. एकीला अक्षर कळत नाही, दुसरी दुसऱ्यांची अक्षरं चोरून वाचते. ही जोडी जमवण्यात लेखिकेचं कौशल्य आहे. जोनच्या तोंडची बायबलची वचनं मात्र जास्त होतात, तिथे पानं भरभर उलटली तरी फारसं नुकसान नाही.

सगळ्यात भारी प्रसंग मेलिंडाचा. पोरगी स्वभावाने गोड, बाईशी बरोबरीने वागायची हौस. स्वयंपाकघरात बसून ती एका मासिकातली प्रश्नावली युनिसपुढे सरकवते आणि एका क्षणात तिच्या लक्षात येतं. ती हसत नाही, टोमणा मारत नाही. उलट 'मी शिकवते तुम्हाला' म्हणते. तिच्या मते हा उपकार. युनिसच्या दृष्टीने आयुष्यभर झाकलेलं उघडं पडलं. चांगुलपणा अपमानाइतकाच कसा लागतो हे मालक-नोकराच्या नात्यावरच्या कितीतरी गंभीर कादंबऱ्यांना इतक्या थोडक्यात दाखवता आलेलं नाही.

तक्रार आहे, आणि ती मोठी आहे. निवेदक असं धरून चालतो की ज्याला अक्षर नाही त्याला कल्पनाशक्ती नाही, दुसऱ्याचं दुःख कळत नाही. हे पटत नाही. आपल्याकडे जनगणना साक्षर कोणाला म्हणते? सात वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या, कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणाऱ्याला. नुसती सही करता येणं पुरत नाही. २०११ साली या मोजणीत महाराष्ट्र ८२ टक्क्यांच्या आसपास होता. उरलेल्यांत नागपूरच्या वस्त्यांमधल्या कितीतरी बाया आहेत, ज्या वीसजणींची भिशी तोंडी सांभाळतात, कोणाचा नंबर कधी लागला ते विसरत नाहीत, मोबाइलमध्ये नाव नाही तर फोटो पाहून फोन लावतात आणि निरोप बोलून पाठवतात. कोणाच्या घरी काय दुखतंय तेही त्यांनाच आधी कळतं. युनिस दगड झाली ती निरक्षर म्हणून नाही, ते लपवत एकटी राहिली म्हणून, आणि गंमत म्हणजे कादंबरीतले प्रसंग हेच दाखवतात. फक्त निवेदकाची टिप्पणी उलटं बोलते. अशा जागी प्रसंगावर विश्वास ठेवावा, टिप्पणीवर नाही.

शेवटचा तपासाचा भाग आखूड आहे. पोलिसी डावपेच हवे असणाऱ्यांची निराशा होईल. पण पुरावा मात्र चोख पेरलेला आहे. खुनाच्या संध्याकाळी, १४ फेब्रुवारीला, घरातले चौघं टीव्हीवर मोझार्टचा ऑपेरा बघत बसलेले असतात. त्या खोलीत काय काय ठेवलं आहे याची नोंद घ्या, यापेक्षा जास्त सांगणं बरं नाही.

इंग्रजी अवघड नाही, पण उपरोध कोरडा आहे. घाईत वाचलं तर निम्मा हातातून निसटतो. जुन्या इंग्रजी घरातल्या खोल्यांची नावं सुरुवातीला अडतात, पहिल्या तीस-चाळीस पानांनंतर सवय होते. मे महिन्यात कुलरसमोर दोन दुपारींत संपेल एवढाच जीव आहे पुस्तकाचा.

क्लोद शाब्रोल यांनी १९९५ मध्ये यावर 'ला सेरेमोनी' हा फ्रेंच चित्रपट केला, इझाबेल ह्यूपेर आणि साँद्रीन बोनेर दोघीही जबरदस्त. तिथे बाईचं गुपित हळूहळू उलगडतं, पुस्तकात ते पहिल्याच ओळीत हातात पडतं. म्हणून आधी पुस्तक वाचलं तर चित्रपटातलं ते उलगडणं वाया जातं. आधी चित्रपट पाहिला तर पुस्तकाचं काहीच बिघडत नाही.